काँक्रीट ओतण्याआधी एवढं ठरवा

सार्वजनिक गृहनिर्माण योजना आखणारे अधिकारी, त्यांचे अभियंते आणि या इमारतींचे नकाशे काढणारे वास्तुविशारद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. कुणाला पक्षाघात होतो, कुणाच्या मणक्याला इजा होते, मधुमेहामुळे कुणाचा पाय कापावा लागतो. रुग्णालयातून सुटी मिळण्याआधी अशा माणसाचं घर बघून यायचं आणि तिथे त्याला राहता येईल का हे घरच्यांना सांगायचं, हे माझं काम. ही घरं बरेचदा परवडणाऱ्या गृहनिर्माण योजनांतली असतात. तिथे मी सगळ्यात आधी बाथरूमचं दार मोजते. माणूस आपल्या घरात मानाने राहणार की नाही, हे पुष्कळदा त्या एका मापावर ठरतं.

नकाशात ते दार ७५ सेंटिमीटरचं असतं. प्रत्यक्षात चौकटीची जाडी गेली, उघडलेल्या पल्ल्याची जाडी गेली, की आत शिरायला ६५ च्या आसपास उरतात. मोठ्या माणसाची साधी व्हीलचेअर ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते, शिवाय चाक ढकलणाऱ्या हातांना दोन्ही बाजूंनी थोडी जागा लागते. दार मोठं करून घ्या म्हणावं, तर एका बाजूला कॉलम असतो आणि दुसऱ्या बाजूला पाइपांचा डक्ट. मग बाहेरच्या खोलीत पडदा बांधून कमोडची खुर्ची ठेवली जाते आणि अंघोळीच्या जागी ओल्या फडक्याने अंग पुसलं जातं. हे चार दिवस नव्हे, वर्षानुवर्षं चालतं. घरातल्या कुणाला तरी, बहुधा बायकोला किंवा मुलीला, त्यासाठी नोकरी सोडावी लागते. एक पगार बंद होतो आणि ज्या घराचा हप्ता किंवा भाडं कसंबसं जमत होतं, ते घर परवडेनासं होतं. सुगम्यता, म्हणजे अपंग माणसालाही घर वापरता येणं, आणि परवडणारी किंमत हे दोन वेगळे विषय आहेत असं मानून तुमच्या बैठका होत असतील, तर त्या दोन्हींची गाठ कुठे पडते ते इथे दिसेल.

माझी मागणी एकच आहे. काही मोजके फ्लॅट ‘अपंगांसाठी’ म्हणून बाजूला काढून विषय संपवू नका. प्रत्येक फ्लॅटचा सांगाडा असा ठेवा, की त्यात राहणाऱ्याला गरज पडेल तेव्हा तो फ्लॅट एक-दोन दिवसांच्या कामात बदलता येईल.

राखीव फ्लॅटांची कल्पना वाईट हेतूने आलेली नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिच्यामागे असं गृहीत धरलेलं असतं, की अपंग माणसं कोण आहेत हे वाटपाच्या दिवशी माहीत असतं. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं त्या दिवशी धडधाकट होती. त्यांना सहावा मजला मिळाला, ती आनंदाने राहायला गेली, आणि पुढे कधीतरी एका सकाळी त्यांचा उजवा हात-पाय उचलेना. जगातले सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे दर सहा जणांत एक, लक्षणीय अपंगत्वासह जगतात, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अहवाल सांगतो. घर चाळीस-पन्नास वर्षं टिकणार असेल, तर एवढ्या काळात त्या घरात म्हातारपण, आजारपण किंवा अपघात येणारच नाही असं धरून चालणं हिशेबालाही पटत नाही. शिवाय राखीव फ्लॅट कुठे आहेत आणि गरजू कोण आहेत, याची जोडलेली नोंद ठेवलेली नसली, तर रुंद दारांचा फ्लॅट ज्याला त्याची गरज नाही त्याच्याकडे जातो आणि गरजू माणूस यादीत खालीच राहतो. आणि शेजारी? तळमजल्यावरच्या मुलीला तिसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे वाढदिवसाला जाता येऊ नये, हे कुठल्याच योजनेचं उद्दिष्ट असू शकत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर एका बाईंनी मोठं काम केलं आहे. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात एलिनॉर स्मिथ यांनी १९८७ मध्ये ‘काँक्रीट चेंज’ नावाची चळवळ सुरू केली. त्यांची मागणी अगदी छोटी होती: प्रत्येक नव्या घराला एक तरी पायरी नसलेलं प्रवेशद्वार असावं, आतली दारं व्हीलचेअर जाण्याएवढी रुंद असावीत आणि प्रवेशाच्याच मजल्यावर वापरता येईल असं एक टॉयलेट असावं. ही मागणी सुरुवातीला कुणी मान्य केली, तर गरीब कुटुंबांसाठी स्वस्तात घरं बांधणाऱ्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या अटलांटा शाखेने. ‘आम्ही स्वस्त घरं बांधतो, आम्हाला हे जमणार नाही’ असं जेव्हा मला सांगितलं जातं, तेव्हा मला ही गोष्ट आठवते.

कायद्याने हे करता येतं का, असाही प्रश्न तुमच्यापैकी काही जण विचारतील. त्याच देशात १९८८ च्या कायद्याने चार किंवा अधिक सदनिकांच्या नव्या इमारतींवर अशी अट घातली, की लिफ्ट असेल तर सगळ्या सदनिका आणि नसेल तर तळमजल्यावरच्या सगळ्या सदनिका किमान सुगम्य असाव्यात. त्यात एक बारीक अट होती, ती मला फार शहाणपणाची वाटते. बाथरूममध्ये धरायचे दांडे पहिल्या दिवशी बसवले नाहीत तरी चालेल, पण पुढे बसवता येतील एवढी भिंत मजबूत असली पाहिजे. लंडनने २००४ च्या नगर आराखड्यात सगळी नवी घरं ‘लाइफटाइम होम्स’ (गरजा बदलल्या तरी आयुष्यभर राहता येईल अशी घरं) या निकषांनुसार आणि त्यांतली दहा टक्के थेट व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी अशी विभागणी केली. मला हे प्रमाण योग्य वाटतं. काही माणसांना पहिल्या दिवसापासून पूर्ण तयार घर लागतं, त्यांच्यासाठी वेगळे फ्लॅट हवेतच. माझा आक्षेप बाकीच्या नव्वद टक्क्यांना वाऱ्यावर सोडण्याला आहे.

आता खर्चाचं बोलू, कारण खरी अडचण तिथेच येते. इमारतीतल्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात. काही नंतर स्क्रूने बसवता येतात: दांडे, खाली-वर होणारा ओटा, ऐकू न येणाऱ्यासाठी दरवाजाची दिवा लागणारी घंटा, माणसाला उचलून हलवणाऱ्या यंत्राची छतातून जाणारी पट्टी. यांवर आज एक पैसाही खर्च करू नका. दुसऱ्या गोष्टी काँक्रीटमध्ये कायमच्या बसतात. जमिनीची पातळी, दाराची जागा, कॉलम, डक्ट, लिफ्टची पोकळी, बाथरूमखालची स्लॅब. या बदलायच्या म्हणजे ब्रेकर आणावा लागतो, खालच्या मजल्यावरच्या माणसाची परवानगी लागते आणि तरीही पुष्कळदा जमत नाही. नकाशावर मात्र त्यांतल्या बहुतेकांना एक रेघ पुसून दुसरी काढण्याएवढेच कष्ट पडतात.

बाथरूमचंच घ्या, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथे अडकतात. लहान फ्लॅटमध्ये बाथरूम आणि संडास वेगळे ठेवायचा प्रघात आहे. १.२ बाय १.५ मीटरचं एक, ०.९ बाय १.२ मीटरचं दुसरं, मध्ये भिंत, दोन दारं. त्या दोन्हींत व्हीलचेअर शिरत नाही. तीच दोन्ही एकत्र केली, मधली भिंत काढली, तर तीन चौरस मीटरच्या आसपासची एक खोली मिळते. तिच्यात खुर्ची पूर्ण फिरवता येत नाही, त्याला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. पण खुर्ची आत जाते, कमोडच्या शेजारी लागते, माणूस एका हाताने दांडा धरून सरकू शकतो आणि खुर्ची मागे घेत बाहेर येऊ शकते. पूर्ण वळण हवं असेल तर २ बाय २.२ मीटर, म्हणजे साडेचार चौरस मीटरच्या आतलं बाथरूम लागेल. तेवढी जागा सगळ्या फ्लॅटांत देता येणार नाही हे मी समजू शकते. मग एवढं करा, की बाथरूमला लागून भिंतीतलं कपाट किंवा सामानाची जागा ठेवा आणि मधल्या भिंतीत पाइप, वायर किंवा कॉलम येऊ देऊ नका. गरज पडेल त्या घरात ती भिंत दिवसभरात काढता येते आणि खोली मोठी होते. बाकीच्या घरांत तिथे कपाटच राहतं.

एकत्र बाथरूमला एक खरा तोटा आहे: एक जण आत असला की बाकीचे खोळंबतात, आणि मोठ्या कुटुंबात सकाळी हे जाचक होतं. त्यावर निम्मा उपाय म्हणजे हात धुवायचं बेसिन बाहेर काढणं. त्याने आतही जागा मोकळी होते. उरलेली गैरसोय मी नाकारत नाही. पण सकाळची पंधरा मिनिटं थांबणं आणि आयुष्यभर बाथरूममध्ये जाताच न येणं या दोहोंत निवड करायची असेल, तर मला काय वाटतं ते सांगायला नको.

दार ९० सेंटिमीटरचं ठेवा, आणि ते बाहेर उघडू द्या किंवा सरकतं करा. आत उघडणाऱ्या दाराचा आणखी एक धोका आहे. आत पडलेला माणूस दारालाच टेकलेला असतो आणि बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. उंबरठा नको. पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंबरठा घातला जातो, पण पाणी अडवायचं काम उताराने आणि जाळीने करायचं असतं. त्यासाठी बाथरूमखालची स्लॅब आधीच काही सेंटिमीटर खाली टाकावी लागते, आणि हा निर्णय शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लागण्याआधी झाला नाही तर पुन्हा होत नाही. कमोडच्या आणि अंघोळीच्या बाजूच्या भिंती पोकळ ब्लॉकच्या किंवा पातळ पॅनेलच्या नसाव्यात. माणूस पडताना दांड्याला लटकतो, तेव्हा त्याच्यावर शंभर किलोहून अधिक भार येऊ शकतो. पोकळ भिंतीतून खिळ्यासकट निघून आलेला दांडा मी पाहिला आहे. सगळी भिंत भरीव करायची गरज नाही, जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटरचा पट्टा भरीव असला तरी पुरे, फक्त तो कुठे आहे हे नकाशात लिहून राहणाऱ्याला द्या.

इमारतीच्या प्रवेशाबद्दल. जोतं ४५ सेंटिमीटर उंच ठेवलं, तीन पायऱ्या आल्या, आणि शेवटी कुणाला तरी आठवलं म्हणून रॅम्प लावला, असं फार ठिकाणी दिसतं. एकास बारा उताराने ४५ सेंटिमीटर चढायला ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो, वर-खाली थांबायला दीड-दीड मीटर सपाट जागा वेगळी. एवढी जागा समोर उरत नाही, म्हणून तो रॅम्प मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी जातो, किंवा एवढा तीव्र केला जातो की त्यावरून खुर्ची मागे घसरते. जमिनीच्या पातळ्या ठरवतानाच फाटकापासून दारापर्यंतची वाट एकास वीस उताराने वर नेली, तर नऊ मीटरमध्ये तेच ४५ सेंटिमीटर चढून होतात, आणि एकास वीस उतार चालणाऱ्याला उतार म्हणून जाणवतही नाही. रॅम्पच लागत नाही. बाळगाडी, सामानाची ढकलगाडी आणि गुडघे दुखणारी आजी सगळ्यांसोबत समोरच्या दाराने येतात. पावसाचं पाणी आत येईल ही भीती रास्त आहे. त्यासाठी दाराबाहेर जाळीची नाली द्या आणि जाळीची भोकं चालण्याच्या दिशेला आडवी, दीड सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवा, म्हणजे काठी आणि पुढची लहान चाकं अडकणार नाहीत.

लिफ्टमध्ये मात्र खरे पैसे लागतात, आणि इथे केलेली काटकसर फार महाग पडलेली आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या प्रुइट-आयगो वसाहतीत अकरा मजली इमारतींच्या लिफ्ट ठराविक मजल्यांवरच थांबत. खर्च वाचवण्याचा तो मार्ग होता. बाकीच्यांनी जिने चढायचे. त्या वसाहतीच्या अपयशाची कारणं अनेक आहेत आणि १९७२ पासून ती पाडली गेली, ते लिफ्टमुळे झालं असं मी म्हणणार नाही. सिंगापूरचं उदाहरण अधिक बोलकं आहे, कारण तिथली सार्वजनिक घरं यशस्वी मानली जातात आणि बहुसंख्य लोक त्यांतच राहतात. तिथेही जुन्या इमारतींत लिफ्ट काही मजल्यांवरच थांबत. रहिवासी म्हातारे होऊ लागले, आणि २००१ पासून सरकारला हजारो इमारतींत प्रत्येक मजल्यावर थांबे देण्यासाठी मोठा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. नव्या पोकळ्या, नवे पूल, प्रचंड अनुदान. एवढं करूनही काही इमारतींत रचनेमुळे किंवा खर्चामुळे ते जमलं नाही.

लिफ्टची संख्या कमी करायची असेल तर तिचे थांबे कमी करू नका, इमारतीची रचना बदला. प्रत्येक जिन्याभोवती दोन-दोन फ्लॅट ठेवले, तर प्रत्येक जिन्याला लिफ्ट लागते. तेच फ्लॅट लांब उघड्या गॅलरीवर ओळीने ठेवले, तर एका ठिकाणच्या दोन लिफ्ट सगळ्यांना पुरतात, आणि एक बिघडली तर दुसरी चालू असते. गॅलरीच्या बाजूला झोपायच्या खोलीच्या खिडक्या येणार नाहीत एवढी काळजी घ्यावी लागते. लिफ्टची केबिन आतून किमान १.१ बाय १.४ मीटर हवी, तीत व्हीलचेअर आणि सोबतचा माणूस दोघं मावतात. यापेक्षा लहान, सहा जणांच्या केबिनमध्ये खुर्ची जेमतेम जाते आणि सोबत्याला जिन्याने धावावं लागतं. उंच इमारतीत निदान एक केबिन २.१ मीटर खोल असावी, म्हणजे स्ट्रेचर आडवं राहील. आणि चार मजली इमारतीला आज लिफ्ट देणं शक्यच नसेल, तर पोकळी तरी सोडा. प्रत्येक मजल्यावर ती जागा कोठी म्हणून वापरू द्या, तिथला स्लॅबचा तुकडा पुढे काढता येईल असा वेगळा टाका.

लिफ्ट बसवल्यावर तिच्या देखभालीचा खर्च रहिवाशांवर ढकलला जातो, आणि घर परवडतं का या हिशेबात तो धरलेला नसतो. तीन-चार घरांनी वर्गणी थकवली की देखभालीचा करार संपतो आणि लिफ्ट बंद पडते. तेव्हा तळमजल्यावरच्यांना फरक पडत नाही, आठव्या मजल्यावरच्या डायलिसिसच्या रुग्णाला पडतो. बांधकामाच्या टेंडरमध्येच पुढच्या दहा वर्षांची देखभाल धरा. बांधणाऱ्यालाच ती करावी लागली, तर तो लिफ्टही चांगली बसवेल.

व्हीलचेअरबद्दल मी जास्त बोलले, कारण मापं तिथे कडक असतात. पण ज्यांना कमी दिसतं त्यांच्यासाठी प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या कठड्याला हाताने वाचता येईल असा आकडा, पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी, दार आणि भिंत यांत ठळक फरक, हे रंगकामाच्या वेळीच करता येतं आणि वेगळा खर्च जवळपास नाही. बटणं आणि प्लग जमिनीपासून ४५ ते १२० सेंटिमीटरच्या मध्ये ठेवले, तर बसलेल्याला, उभ्याला आणि लहान मुलाला तिघांनाही पुरतात.

एक गोष्ट मात्र अशी आहे जिच्याबद्दल घाईने बोलता येत नाही. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या सामाजिक गृहनिर्माणाच्या इमारतीला आग लागली आणि ७२ माणसं गेली. त्या इमारतीत राहणाऱ्या ३७ अपंग रहिवाशांपैकी १५ जण मरण पावले. ज्यांना स्वतः जिना उतरता येत नाही त्यांना बाहेर कसं काढायचं याचा आराखडा प्रत्येकासाठी आधीच तयार असावा, अशी शिफारस चौकशीच्या २०१९ च्या पहिल्या अहवालाने केली. वरच्या मजल्यावर व्हीलचेअर वापरणाऱ्याला घर देताना त्याला खाली आणण्याची सोयही दिली पाहिजे: जिन्याशेजारी धूर न येणारी, खुर्ची थांबेल एवढी सुरक्षित जागा, तिथून बोलता येईल असं यंत्र, आणि आगीतही चालेल अशा वेगळ्या वीजपुरवठ्याची एक लिफ्ट. या कारणासाठी ‘मग अपंगांना वरचे मजले देऊच नका’ असं म्हणणाऱ्यांना मी पुन्हा सांगेन, की वरच्या मजल्यावरची माणसंही उद्या अपंग होणार आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचं २८ वं कलम सार्वजनिक गृहनिर्माण योजनांचा लाभ हा अपंग व्यक्तींचा हक्क मानतं. पण हक्क कागदावर मान्य असलेल्या इमारतींतही ७५ चंच दार मी मोजलेलं आहे, म्हणून कायद्याहून एका साध्या कृतीवर माझा जास्त भरवसा आहे. नकाशा मंजूर होण्याआधी फ्लॅटचा नमुना प्लायवूडमध्ये, खऱ्या मापाने, एखाद्या शेडमध्ये उभा करा. कमोड ठेवा, दार लावा, ओटा ठेवा. व्हीलचेअर वापरणारी, काठीने चालणारी, अंध माणसं आणि त्यांची काळजी घेणारी घरची माणसं यांना बोलवा. सल्लागारांना देता तसं त्यांनाही मानधन द्या, येण्या-जाण्याची व्यवस्था करा. वास्तुविशारद आणि अभियंता दोघांनी तिथे हजर राहावं, आणि खुर्ची कुठे अडते ते खडूने तिथेच आखावं. नकाशात त्याप्रमाणे बदल होऊन सही झाल्यावरच टेंडर काढा. लोक राहायला आल्यानंतर वर्षभराने पुन्हा तीच माणसं तिथे घेऊन जा. काय चाललं आणि काय चाललं नाही याची त्यांनी केलेली नोंद पुढच्या योजनेच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा.

आपली,
घरं बघायला जाणारी एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट